तोंडात थर्मामीटर

नर्सिंग कॉलेजच्या सरावाच्या खोलीत एक रबरी माणूस होता. त्याच्यावर जेवढे उपचार झाले तेवढे कुठल्याही जिवंत माणसानं सोसले नसते. दरवर्षी नवी तुकडी यायची आणि त्याला सुया टोचायची, नाकातून नळ्या घालायची, अंग पुसायची, कुशीवर वळवायची आणि घाईत खाली पाडायची. पोटाचं झाकण उघडून आतलं सगळं काढून बघायचं आणि परत लावताना एखादा अवयव उलटा बसवायचा, ही तर परंपराच होती. त्याचा डावा हात दुसऱ्याच कुठल्या तरी बाहुल्याचा होता, त्यामुळे तेवढाच हात गोरा होता. इतकं होऊनही चेहऱ्यावर तक्रार नाही. मुली त्याला मामा म्हणायच्या, कारण काहीही केलं तरी भाच्यांवर न रागावणारा माणूस मामाच असू शकतो.

या मामांची सगळ्यांत लाडकी भाची म्हणजे टकळी. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळेपुरतं असायचं. टकळी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं होतं, कारण ती चालायच्या आधी बोलायला लागली आणि मग थांबलीच नाही. खऱ्या टकळीतून निदान सूत तरी निघतं, असं शेजारचे म्हणायचे. पण पोरगी मनानं चांगली होती आणि हाताला हलकी होती, हे त्यांनाही मान्य होतं.

आता हे बोलणं तिच्यात आलं कुठून, तर आईकडून, हे सांगायला ज्योतिषी नको. बाबांचं घराखालीच किल्ल्या बनवायचं आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. आत बाबा बसायचे, पुढे आई उभी असायची. "कुलूप हे उघडतात, तोंड मी उघडते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि ते खरं होतं. गिऱ्हाइकानं बाबांना विचारावं, "कधी मिळेल?" आणि आईनं म्हणावं, "उद्या." पाहुण्यानं बाबांना विचारावं, "तब्येत कशी आहे?" आणि आईनं म्हणावं, "पित्त होतं, बाकी बरे आहेत." एकदा न्हाव्यानं "मिशी ठेवू का?" असं विचारलं. आई तिथे नव्हती, त्यामुळे उत्तर आलंच नाही. शेवटी न्हाव्यानं स्वतःच्या मनानं काय ते केलं आणि बाबा मिशीशिवाय घरी आले. त्यावर ते काही बोलले नाहीत, आईच बोलली.

यात भांडण नव्हतं. आईचा जीव होता त्यांच्यावर, आणि त्यांना शब्दांचा त्रास पडू नये म्हणून ती तो आपल्यावर घ्यायची. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात. आईनं ते सोनं आयुष्यभर चांगल्या भावानं खपवलं. फक्त सोन्याला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं.

तर कॉलेज. तिथे सराव शिकवणाऱ्या बाई होत्या आणि त्यांचा एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता: नाव सांगा, काम सांगा, विचारा, थांबा. रुग्णाला हात लावण्याआधी आपलं नाव सांगायचं, आपण काय करणार ते सांगायचं, करू का म्हणून विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. पहिल्या तीन गोष्टी सगळ्या मुली करायच्या. चौथीची मात्र पंचाईत होती. रबरी माणसापुढे किती थांबणार? काही मुली मनात आकडे मोजायच्या, काही थांबायच्याच नाहीत.

टकळीनं यावर तोडगा काढला. ती मामांच्या वाटचंही बोलायला लागली.

"मामा, मी टकळी. आता तुम्हाला इंजेक्शन देणार आहे. देऊ का?" असं ती गोड आवाजात विचारायची, आणि मग हनुवटी गळ्यात रुतवून भसाड्या आवाजात म्हणायची, "दे बाई, दे."

"दुखलं का मामा?"

"छे, मला कळलंसुद्धा नाही."

सगळा वर्ग हसून लोटपोट व्हायचा. बाईसुद्धा तोंड फिरवून खांदे हलवायच्या. हळूहळू मामांना स्वभाव आला. ते कुशीवर वळताना कुरकुरायला लागले, एनिमाच्या दिवशी चक्क रुसले, आणि शेवटच्या वर्षापर्यंत टकळीला मामांच्या उत्तराशिवाय सुई धरता येईना. प्रश्न आणि उत्तर एका श्वासात, एकाच तोंडातून.

शेवटची परीक्षाही मामांवरच झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि टकळीला भरघोस गुण दिले. निरोप घेताना बाईंनी मात्र तिचा कान हलकेच धरला. "मामा इथेच राहणार आहेत बरं. तिथे जे भेटतील ते बोलतात."

"बोलू दे की बाई," टकळी म्हणाली. "मला बोलणारी माणसं आवडतात."

तिला हाडांच्या वॉर्डात उमेदवारीवर घेतलं. महिनाभर काम बघायचं आणि शेवटच्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर कायम, नाही म्हटलं तर पिशवी उचलायची. टकळीला हीच नोकरी हवी होती. लहानपणी ती बाबांच्या दुकानातल्या सगळ्या कुलपांना पट्ट्या बांधायची, तेव्हापासून हवी होती. शिवाय आईनं गल्लीत सगळ्यांना "कायम झाली" असं सांगूनही टाकलं होतं, कारण उत्तर यायच्या आधी उत्तर देणं हा त्या घरचा रिवाजच होता.

मोठ्या सिस्टर वॉर्डात उंचीनं सगळ्यांत लहान होत्या. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, आणि म्हणूनच त्या आल्या की खाटासुद्धा सरळ रेषेत उभ्या राहतात असं वाटायचं.

पहिल्याच सकाळी टकळीच्या वाट्याला एक गवंडी आला. परांचीवरून पडून त्याची नडगी मोडली होती. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, अंगानं दणकट, आणि स्वभावानं इतका भिडस्त की पाणी मागतानाही माफी मागायचा.

"काका, मी तुमची नर्स," टकळी म्हणाली. "आता इंजेक्शन देणार आहे. देऊ का?" आणि तिच्याही नकळत हनुवटी गळ्यात गेली. "दे बाई, दे."

गवंड्यानं दचकून मागे बघितलं. मग खाटेखाली वाकून बघायचा प्रयत्न केला. "कोण बोललं?" त्यानं हळूच विचारलं. शेजारच्या खाटेवर बरगड्या मोडलेला एक पोस्टमन होता. त्याला हसू येत होतं आणि हसलं की दुखत होतं, त्यामुळे तो उशी पोटाशी धरून विव्हळत हसत होता. टकळीनं वर पाहिलं तर दारात मोठ्या सिस्टर उभ्या.

नंतर हात धुताना त्या तिच्या शेजारी येऊन एवढंच म्हणाल्या, "हा जो कोण तुझ्या गळ्यात राहतो, त्याला घरी ठेवून ये."

टकळीनं मामांचा आवाज त्याच दिवशी सोडला. पण जित्याची खोड एवढ्यानं थोडीच जाते? आवाज गेला, उत्तरं राहिली. आता ती स्वतःच्याच आवाजात, हसतमुखानं, भराभर म्हणायची, "झोप लागली ना? लागली. भूक आहे ना? आहे. छान." आणि पुढच्या खाटेकडे जायची. रुग्णांना ती आवडायची. ती येऊन गेली की वॉर्डात खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. आपण तिला काहीच सांगितलेलं नाही, हे त्यांना ती गेल्यावर लक्षात यायचं.

आणि मग ते झालं. प्लास्टर घातलेल्या पायाला आतून सूज येते आणि प्लास्टर काही सैल होत नाही. म्हणून बोटं बघायची असतात, विचारायचं असतं. टकळीनं विचारलं. "काका, बोटं हलतायत ना? हलतायत. मुंग्या नाहीत ना? नाहीत. छान." पायावर पांघरूण होतं, ते तिनं नीटनेटकं खोचलं आणि पुढे गेली.

थोड्या वेळानं मोठ्या सिस्टर त्याच खाटेशी थांबल्या. त्यांनी पांघरूण बाजूला केलं. बोटं सुजलेली, गार आणि निळसर पडलेली. मग धावपळ झाली, डॉक्टर आले, करवतीनं प्लास्टर उभं चिरलं. हळूहळू बोटांत रंग परत आला तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

"तुम्हाला विचारलं होतं का हिनं?" मोठ्या सिस्टरांनी गवंड्याला विचारलं.

"विचारलं होतं," गवंडी ओशाळून म्हणाला. "पण ती दोघांचंही बोलत होती. मी मध्ये कसा पडू?"

टकळी चादरींच्या खोलीत जाऊन रडली. नोकरी जाणार म्हणून नाही, ते तर तिनं गृहीतच धरलं होतं. एक धडधाकट माणूस वेदना गिळून पडला होता आणि आपण त्याच्या पायावर पांघरूण खोचून छान म्हणालो, याची तिला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या तोंडाचा राग आला.

मोठ्या सिस्टर आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"पाय वाचला म्हणून मी शांतपणे बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुझे हात चांगले आहेत. मन चांगलं आहे. जीभ कापून टाकायची सोय नाही. मग काय करू या?"

"मला माहीत नाही, सिस्टर. मी ठरवते पण होत नाही. मी खूप प्रयत्न करते पण समोरचा गप्प बसला की मला वाटतं त्याला मदत हवी आहे, आणि मग—"

"आ कर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

टकळीनं आ केला आणि सिस्टरांनी खिशातलं थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवलं. "मीट. आता हे वाजेपर्यंत बोलता येणार नाही. हे तुझं. रुग्णांचं नाही, तुझं. प्रश्न विचारायचा आणि हे तोंडात घालायचं. वाजेपर्यंत त्यांच्याकडे बघत उभं राहायचं. कळलं का?"

टकळी मान हलवण्यापलीकडे काही करू शकली नाही. औषध लागू पडलं ते असं.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात मोठी गंमत सुरू झाली. टकळी खाटेशी यायची, "काका, दुखतंय का?" विचारायची आणि स्वतःच्याच तोंडात थर्मामीटर घालून डोळे मोठे करून उभी राहायची. भेटायला येणारी माणसं बुचकळ्यात पडायची. "सिस्टरलाच ताप आहे का?" असं एका बाईनं काळजीनं विचारलं. पोस्टमननं सांगितलं की ती उपचार घेते आहे, आजार जुना आहे. रुग्ण तिला रोज "आज किती?" असं विचारायला लागले आणि ती वाचून दाखवायची. सगळ्या वॉर्डाला आपल्या तापापेक्षा तिचा ताप जास्त पाठ झाला.

पण एक गोष्ट टकळीला नवीनच कळली. समोर कुणी तोंड मिटून आणि डोळे उघडे ठेवून उभं राहिलं की माणसं बोलतात. आधी "ठीक आहे" म्हणतात. थर्मामीटर वाजलेलं नसतं, म्हणून ती तशीच उभी असते. मग माणसांना अवघडल्यासारखं होतं आणि खरं उत्तर बाहेर पडतं. पोस्टमननं सांगितलं की खोकायला भीती वाटते म्हणून तो खोकला दाबून ठेवतो. गवंड्यानं तर एक दिवस चादरीकडे बघत सांगितलं की पाय बरा होईल, पण आता परांचीवर चढायची छाती होत नाही, आणि हे त्यानं घरी कुणाला सांगितलेलं नाही. टकळीच्या जिभेवर धीराची दहा वाक्यं रांग लावून उभी होती. ती तिथेच उभी राहिली. थर्मामीटर वाजलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याला तिच्या वाक्यांची गरज नव्हती. सांगून झाल्यावर तो उशीला टेकून शांत झोपला.

महिना सरला. शेवटच्या दिवशी मोठ्या सिस्टर तिच्याबरोबर फेरीला निघणार होत्या आणि मग हो की नाही ते सांगणार होत्या. टकळीनं गणवेशाला दोनदा इस्त्री केली होती. थर्मामीटर खिशात होतं.

फेरी सुरू व्हायच्या आधीच औषधांच्या कपाटाचं कुलूप अडलं. किल्ली आत जाईना, गेली तर फिरेना. कपाटात सगळ्यांची सकाळची औषधं. मोठ्या सिस्टरांनी एकदा किल्ली फिरवून बघितली, एकदा कपाटाला हलकी थाप मारून बघितली, आणि मग टकळीकडे बघितलं. तिचे वडील काय करतात हे वॉर्डात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. टकळीनंच ते सगळ्यांना सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी.

निरोप गेला आणि बाबा आले. अर्थात आईही आली.

"नमस्कार सिस्टर, आम्ही हिचे आईवडील," आई म्हणाली. "अडलेलं कुलूप ना? हे बघतील. चहा निवायच्या आत उघडतात. काय हो, उघडाल ना? उघडतील." बाबा मान हलवून कपाटापुढच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी हत्यारांची गुंडाळी उलगडली.

टकळी कौतुकानं बघत उभी राहिली. बाबांची काम करायची तऱ्हा तिला पाठ होती. दोन बारीक सळया कुलपात घालायच्या आणि डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटल्याशिवाय त्यांना कुलूप उघडताच यायचं नाही. आत काय आहे ते दिसत नसतं, मग डोळ्यांचं काय काम, असं त्यांनी तिला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं.

आज बाबांचे डोळे उघडे होते.

ते आपल्याच बोटांकडे टक लावून बघत होते. सळई निसटली. त्यांनी ती उचलली, परत घातली, परत निसटली. तिसऱ्यांदा ती जमिनीवर पडून टणटणली आणि बाबांनी उजवा हात पाणी झटकावं तसा झटकला. खाटांवरचे सगळे बघत होते.

"कुलूप फार जुनं आहे का हो?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"जुनंच आहे," आई म्हणाली. "आणि इथे उजेड कमी आहे. यांचा चष्माही बदलायला झालाय. मी कधीची मागे लागले आहे."

टकळी बाबांसमोर खाली बसली. "बाबा, हाताला काय होतंय?"

"काय होणार?" आई म्हणाली. "सकाळपासून पाण्यात हात होते, गारठलेत. आणि जिना चढून आले ना, दम लागलाय. बसू दे जरा, मग—"

टकळी उठली. तिनं खिशातलं थर्मामीटर काढलं, स्पिरिटच्या बोळ्यानं टोकापासून मागेपर्यंत पुसलं, वर स्वच्छ वेष्टण चढवलं, कारण कितीही घाई असली तरी शिकलेलं विसरायचं नसतं. मग ती म्हणाली, "आई, आ कर."

"मला कुठे ताप आहे?" आई म्हणाली. आणि "आहे" म्हणायला तोंड उघडं होतं तेवढ्यात थर्मामीटर आत गेलं.

"मीट," टकळी म्हणाली. "वाजेपर्यंत बोलायचं नाही." आणि ती परत बाबांसमोर बसली. "बाबा, हाताला काय होतंय?"

बाबांनी सवयीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ऊं." त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं. बाबांनी कपाटाकडे बघितलं, मग जमिनीवरच्या सळईकडे.

टकळी थांबली. थांबणं इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं, कारण आज तिच्या स्वतःच्या तोंडात काहीच नव्हतं. दमलात का, झोप झाली नाही का, चष्मा लागतोय का, सगळं ओठांवर येऊन उभं होतं. एकेक उत्तर बाबांना किती सोपं पडलं असतं. त्यांनी नुसती मान हलवायची होती. फेरी खोळंबली होती, मोठ्या सिस्टर बघत होत्या, औषधं अडली होती. टकळीनं स्टुलाची कड घट्ट धरली आणि ओठ मिटून ठेवले. पोस्टमनला बोलायची घाई झाली होती, पण गवंड्यानं त्याला हातानं थोपवलं. "थांबा," तो कुजबुजला. "येतंय."

"बोटं झोपतात," बाबा म्हणाले.

टकळीनं स्टुलाची कड सोडली नाही.

"अंगठा, हे आणि हे. आधी नुसती रात्री झोपायची. मी उठून हात झटकायचो, मग जागी व्हायची. आता दिवसाही झोपलेलीच असतात." ते थांबले. टकळीही थांबली. "कुलपात काय चाललंय ते पूर्वी बोटांना कळायचं. आता नुसतं लोखंड लागतं. म्हणून बघत बसतो. बघून काही दिसत नाही."

"आईला सांगितलंत?"

"सांगणार होतो. तिनंच विचारलं होतं, हात का झटकता म्हणून. मी तोंड उघडेपर्यंत म्हणाली, अवघडला असेल." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मलाही वाटलं, असेल अवघडलेला. मग वाटलं, आपलं काम संपलं आता. ते कसं सांगायचं ते मला कळेना."

बाबांना सलग इतकं बोलताना टकळीनं कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा हात तिनं हातात घेतला आणि अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग सपाट झाला आहे हे तिच्या बोटांना लगेच कळलं. लहानपणी ती याच हाताला धरून शाळेत गेली होती आणि वाटभर बोलली होती.

आईच्या तोंडातलं थर्मामीटर वाजलं. आईनं ते काढलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

मोठ्या सिस्टरांनी पुढे होऊन बाबांचा तळवा उजेडात धरला, बोटांची टोकं एकेक करून दाबली, मनगटावर टिचकी मारली. "इथे नस दबत असावी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बघून सांगतील. यावर उपाय असतो. काम संपलं वगैरे काही नाही." मग त्या टकळीकडे वळल्या. "डॉक्टरांना निरोप दे. आणि या कपाटाचं काय ते बघा, माझे लोक औषधाविना बसलेत."

"बाबा, मी करते," टकळी म्हणाली. "तुम्ही सांगा."

मग सगळ्या वॉर्डानं ते बघितलं. टकळीनं डोळे मिटून सळया कुलपात घातल्या आणि बाबा बोलत राहिले. "वर उचल. जोरात नाही. आता दुसरी जराशी डावीकडे. थांब. काही सरकलं का?" यावर टकळीनं घाईनं हो म्हटलं नाही. बोटांना विचारलं, बोटांनी सांगेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "आता सरकलं." कुलूप उघडलं. पोस्टमननं टाळी वाजवली आणि लगेच उशी पोटाशी धरली.

मोठ्या सिस्टर औषधांचा ट्रे बाहेर काढत म्हणाल्या, "उद्यापासून सकाळच्या पाळीला ये."

"म्हणजे, सिस्टर?"

"म्हणजे कायम."

"पण फेरी तर झालीच नाही."

"तुझी झाली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आता ते थर्मामीटर परत दे मला."

"ते आईकडे आहे," टकळी म्हणाली.

आईनं एव्हाना ते तोंडातून काढून मुठीत धरलं होतं. ती बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसली होती आणि त्यांची झोपलेली बोटं एकेक करून चोळत होती, काही न बोलता. डॉक्टर आले तेव्हाही ती तशीच होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, बाबांचा हात बघितला आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईचं तोंड उघडलं. उत्तर तिला आता माहीत होतं, जिभेवर आलेलंही होतं.

मग तिनं मुठीतलं थर्मामीटर रुमालानं पुसलं, स्वतःच्या हातानं जिभेखाली ठेवलं आणि ओठ मिटून बाबांकडे बघत बसली. बाबांना थोडा वेळ लागला, पण ते बोलले.